पाहुण्यांच्या वळकटीतला पाहुणा

घरात कुणाला ताप आला की शेजारीण सुंठीचा काढा घेऊन येते. मुंग्या झाल्या की साऱ्या गल्लीला सांगून हळद टाकली जाते. उंदीर झाला तर त्याच्या करामतींचे किस्से जेवताना रंगतात. ढेकूण झाले मात्र घराला एकदम मौन पडतं. मुलांना दटावलं जातं, "बाहेर बोलायचं नाही हं!" गाद्या उन्हात घालायच्या त्याही मागच्या दारी, पुढच्या अंगणात नाही.

आपल्या सीमाभागातल्या घरांत तर या मौनालाही दोन भाषा. आई 'ढेकूण' म्हणत नाही, आजी 'तिगणे' म्हणत नाही. फारच झालं तर बोलीतलं 'तगणी' कानाशी कुजबुजायचं. नाव घेतलं की वाढतात, असं काहीसं! खरं तर ढेकणाला खरकटं नको, ओल नको, घाण नको. त्याला हवं झोपलेल्या माणसाचं रक्त आणि जवळपास एक कोरडी फट. या दोन गोष्टी गरिबाच्या खोलीत आहेत तशा बंगल्यातही आहेत. अडगळ जास्त असली तर त्याला लपायला जागा जास्त, एवढाच काय तो फरक. तो रोग पसरवतो म्हणावं, तर तेही नाही. शंभर वर्षांपूर्वी मद्रासला पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाला काळा आजार ढेकणामुळं पसरतो असं वाटलं होतं. पुढं तो दोष वाळूमाशीचा निघाला. ढेकूण चावतो, खाज आणतो, झोप उडवतो आणि अब्रू गेल्यासारखं वाटायला लावतो. या शेवटच्या गोष्टीपायीच माणसं घाई करतात, आणि जीव जातो तो त्या घाईत. आजचा लेख त्या घाईविषयी आहे, आणि घाई न करता वापरायच्या एका पांढऱ्या पावडरीविषयी.

निमित्त झालं एका फोनचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन जामसांवलीला आहे. माहेर आपल्याकडचं, आई गोकाकची, म्हणजे घरात दोन्ही भाषा. नवरा पांढुर्ण्याला नोकरीला. फोनवर हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं तगणी झाल्यात." तिथं सासरी कानडी कुणालाच कळत नाही. मराठी आणि हिंदी सगळ्यांना येते, म्हणून 'ढेकूण' आणि 'खटमल' हे दोन्ही शब्द बाद. माहेरच्या भाषेचा असा उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नसेल.

जामसांवली ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मध्य प्रदेशात, नागपूरहून तास-दीड तासाच्या वाटेवर, सौसर तालुक्यात हे गाव आहे. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात गेला. कापूस आणि संत्र्यांचा मुलूख, बोली मराठी, कारभार हिंदीत. आपल्यासारखाच सीमेवरचा, फक्त शेजारची भाषा वेगळी. गावात मारुतीचं प्रसिद्ध देवस्थान आहे. पिंपळाखाली देवाची मूर्ती उभी नाही, आडवी पहुडलेली आहे. मंगळवारी-शनिवारी गर्दी उसळते. दुखणंबाणं, विशेषतः मनाचं दुखणं घेऊन आलेली माणसं दिवसचे दिवस मुक्काम करतात. अशा गावात घर असलं की पाहुण्यांना तोटा नाही. लांबच्या नात्यातले, नवऱ्याच्या हापिसातले, त्यांच्या ओळखीचे, सगळे येतात. येताना सतरंज्या, चादरी, उशा घेऊन येतात, कारण यजमानाला त्रास नको. त्यांच्या चांगुलपणाबरोबर वळकटीतून ढेकूणही येतो. तो कुणाचा, कुठला, आगगाडीतला की एसटीतला की कुठल्या लॉजवरचा, हे कोण सांगणार? आणि शोधून तरी काय करणार? तिच्या सासूबाईंचं म्हणणं एकच, "पावण्याले नाही कसं म्हनाव?"

पंचतंत्रातली गोष्ट आठवते का? राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखानं राहत असते. तिच्याकडं अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजा झोपायच्या आधीच त्याला चावतो आणि नोकर दिवे घेऊन धावले की पलंगाच्या फटीत शिरतो. सापडते ती बिचारी ऊ, आणि तिचाच जीव जातो. गोष्टीचं तात्पर्य पाहुण्याबद्दल आहे, पण मला आता त्यातली फट महत्त्वाची वाटते. ढेकूण दिवसाचा बहुतेक सगळा वेळ फटीत असतो. आपण औषध मारतो गादीवर, फरशीवर, हवेत. फट राहून जाते.

फोनवर पुढं जे ऐकलं त्यानं मी सावध झाले. घरात वर्षाचं मूल, सासूबाईंना दमा. हिनं ऑनलाइन किलोभर पांढरी पावडर मागवली होती, 'डायटोमेशियस अर्थ', पाकिटावर 'फूड ग्रेड' असं लिहिलेलं. ती गादीवर पिठासारखी भुरभुरून वर चादर घातली होती, आणि दोन दिवस सासूबाईंचा खोकला थांबत नव्हता. गुण दिसत नाही म्हणून नवरा वैतागलेला. शेतातल्या कोठीत धान्यासाठी ठेवतात त्या सल्फासच्या गोळ्या आणून एक रात्र खोली बंद करून टाकू, असं तो म्हणत होता.

आधी त्या गोळ्यांचं बोलू, कारण हे वाचून कुणाच्या तरी घरी आज हाच विचार चालू असेल. सल्फास म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, दाराखालून, भिंतीच्या भेगेतून, वायरच्या भोकातून शेजारच्या खोलीत जातो. 'आम्ही त्या खोलीत झोपणार नाही' याला काही अर्थ उरत नाही. त्यावर उतारा असं औषध नाही. म्हणूनच त्याचा वापर प्रशिक्षित माणसांपुरता ठेवण्याचा नियम आहे. राहत्या घरात ही गोळी उघडायची नाही, एकही नाही. २०२० च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडीला कीटकनाशक मारलेल्या घरात एक वयस्क जोडपं दगावलं. २०२५ च्या ऑक्टोबरात बेंगळुरूला एका पीजीमध्ये ढेकणांसाठी मारलेल्या औषधानं एक विद्यार्थी गेला. आपल्याकडची किती मुलं बेंगळुरूला, पुण्याला पीजीत आहेत! त्यांना फोन करून एवढं नक्की सांगा : खोलीत औषध मारलं असेल तर मालक काही म्हणो, उग्र वास आहे तोवर आत झोपायचं नाही.

आपली पिढी या विषांच्या वासातच वाढली. पलंगाच्या सांध्यांत गॅमेक्सिन पावडर, म्हणजे बीएचसी, मुठीनं टाकलेली मी पाहिली आहे. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. 'टिक ट्वेन्टी'ची बाटली ढेकणांपेक्षा आत्महत्यांच्या बातम्यांनीच जास्त गाजली. 'नुवान' नावानं घरोघरी मिळणारं डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झालं. तरी कुणीतरी कोपऱ्यातल्या दुकानातून बिनलेबलच्या बाटलीत 'जुनं, जोरदार' औषध आणून देतोच. ते घेऊ नका.

डीडीटीची कथा तर आपल्या भागातलीच. १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांनी हिवतापासाठी घरोघरी डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला. डास मेले, हिवताप उतरला. पण सामान्य बाईमाणसाला फवारणीवाला आवडला त्याचं कारण वेगळं होतं. हिवताप कमी झाला हे हिशेबानं कळतं, ढेकूण गेला हे त्याच रात्री कळतं. पुढं देशभर फवारणी झाली आणि काही वर्षांत ढेकणांना डीडीटी पचू लागला. मग गावोगाव लोक म्हणू लागले, औषधात दम नाही, भिंती कशाला खराब करता? दारं बंद झाली. आजच्या फवाऱ्यांतल्या आणि खडूंतल्या औषधांनाही ढेकूण असेच सरावले आहेत. मारलं की दोन दिवस शांत, पुन्हा आहेच.

आता त्या पांढऱ्या पावडरीकडं. तिचं काम विषाचं नाही, वाळवण्याचं आहे, आणि म्हणूनच ती फार काळ टिकून उपयोगी पडते. ढेकणाच्या अंगावर मेणाचा एक अतिपातळ थर असतो. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गानं दिलेली ही रेनकोटाची उलटी तऱ्हा. अतिशय बारीक, कोरडी, सच्छिद्र भुकटी त्याच्या पायांना आणि पोटाला लागली की ते मेण शोषलं जातं, थोडं खरवडलंही जातं. मग अंगातलं पाणी उडायला लागतं आणि जीव वाळतो. विषाला सरावतात तसं याला सरावणं ढेकणाला अवघड आहे. शिवाय पावडर खाल्ली पाहिजे असं नाही, नुसती अंगाला लागली की पुरे. बोरिक ॲसिडचं इथं काही चालत नाही ते याचमुळं. ते झुरळाच्या पोटात जावं लागतं, आणि ढेकूण रक्ताशिवाय काही तोंडात घेत नाही.

ही कल्पना परदेशातून आली असं समजू नका. आपल्या आज्या कडधान्यात राख घोळवून ठेवायच्या, तत्त्व बरंचसं हेच. आणि शास्त्रीय काम म्हणाल तर म्हैसूरला, सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत, मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सक्रिय कोळसा आणि सक्रिय माती यांचा किड्यांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १९५९ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध पत्रिकेत मांडला. धान्यातली कीड विषाशिवाय मारायची, हा त्यामागचा ध्यास. म्हैसूरची सहल म्हटली की आपण राजवाडा आणि वृंदावन बघून परत येतो. ही संस्थाही तिथंच आहे, चेलुवांबा राजवाड्यात. (राख मात्र ढेकणांसाठी गादीवर टाकू नका. ती क्षारयुक्त असते, कातडीला झोंबते आणि पसारा होतो तो वेगळाच.)

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक डायटोमेशियस अर्थ, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांच्या काचेसारख्या कवचांची माती. दुसरी बारीक सिलिका, कारखान्यात तयार केलेली, फार हलकी. दुसरी जास्त चटकन काम करते, दोन-तीन दिवसांत. पहिलीला आठवडा, दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुडीतले मणी कुटून पावडर करायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. त्यांतल्या निळ्या मण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, आणि कुटताना उडणारी धूळ तुमच्याच छातीत जाते.

छातीचा मुद्दा मोठा आहे. 'फूड ग्रेड' या दोन शब्दांनी माझी विद्यार्थिनी फसली, तशा पुष्कळ जणी फसतात. त्याचा अर्थ धान्यात थोडी मिसळली तर पोटाला अपाय नाही, इतकाच. श्वासात ओढायला चांगली, असा त्याचा अर्थ नाही. मध्य प्रदेशातच, मंदसौरला, पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिसनं गाठलं. आपण शाळेत ज्या पेन्सिली चघळल्या त्यांची धूळ कुणाच्या तरी फुप्फुसात दगड होऊन बसली. तो दोष स्फटिकरूप सिलिकाचा. घरात वापरायच्या चांगल्या पावडरीत सिलिका असते ती बहुतेक अस्फटिक, तिनं सिलिकोसिस होत नाही. पण पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी भाजून केलेली डायटोमेशियस अर्थही याच नावानं मिळते, आणि भाजल्यानं तिच्यातली सिलिका स्फटिकरूप झालेली असते. ती घरात आणायचीच नाही. पाकिटावर कशासाठी आहे ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पाकीट परत. आणि चांगली पावडरसुद्धा उडाली तर घसा, डोळे, कातडी कोरडी पाडते. दम्याच्या माणसाचा खोकला त्यातूनच येतो.

तर गादीवरची पावडर आधी काढायची होती. कुंच्यानं झाडायची नाही, झटकायची तर मुळीच नाही. पंखा बंद करून, नाकाला एन-९५ मास्क लावून, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची आणि फडकी तशीच बादलीत बुडवायची. साधा व्हॅक्युम क्लीनरही नको, कारण इतकी बारीक धूळ त्याच्या पिशवीतून मागच्या बाजूनं परत खोलीत येते. त्या दिवसापुरतं सासूबाई आणि बाळ दोघं नणंदेकडं गेले.

नंतर शोध. हातात विजेरी आणि जुनं एटीएम कार्ड घ्यायचं. कार्ड फटीतून ओढलं की ढेकूण बाहेर येतात, खाली साबणाच्या पाण्याचं ताट धरायचं. काळे ठिपके, टाकलेल्या कातींची फिकट टरफलं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरी अंडी, जिथं दिसतील तिथं खडूनं खूण करून ठेवायची. त्या घरी दिवाणाच्या फळीखालच्या सांध्यांत निघाले हे अपेक्षितच होतं. पण देव्हाऱ्यामागं भिंतीला टेकवलेल्या तसबिरींच्या पाठीमागं, दिनदर्शिकेच्या पट्टीत आणि मच्छरदाणीच्या वरच्या दुमडीतही निघाले. मच्छरदाणीत! आत झोपलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजत होता.

तिकडं पाहुण्यांसाठी दोर विणलेली बाज असते. तिच्यावर पावडरीचा उपयोग कमी, दोराच्या प्रत्येक पिळात लपायला जागा. तिला जुना उपायच बरा : अंगणात नेऊन सांध्यांवर उकळतं पाणी ओतायचं, दोनदा, आठ दिवसांच्या अंतरानं. ज्याला पाणी लागलं तो मेला, ज्याला नाही लागलं तो राहिला, म्हणून दोनदा. चादरी-अभ्रे कडकडीत पाण्यात, साठ अंशांच्या पुढं, धुवायचे आणि वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवायचे, गरज लागेल तसे काढायचे. गादीला उन्हात घालण्याबद्दल थोडं. त्या भागात वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तरी जाड कापसाच्या गादीच्या पोटात तेवढी धग पोचत नाही. वर ऊन लागलं की ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. उन्हात घाला, पण त्यावर विसंबू नका. शिवणी नीट तपासून गादीला चेनवालं घट्ट कव्हर घाला आणि चेन महिनोन्महिने उघडू नका.

एवढं झाल्यावर पावडर. किती? बायकांना सांगायचं तर रांगोळीची ठळक रेघ नव्हे, तोंडाला लावलेल्या पावडरीचा पुसट थर. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच. ढीग घातला की ढेकूण त्याला वळसा घालून जातो, आणि आपण म्हणतो गुण नाही! एका पलंगाला दोन-तीन चहाचे चमचे पुष्कळ झाले. म्हणजे त्या किलोच्या पाकिटातून बहुतेक सगळी उरलीच. लावायला मऊ ब्रश, किंवा सॉसची टोचदार तोंडाची रिकामी, पूर्ण कोरडी बाटली. ती निम्मीच भरायची, हलवायची आणि फटीत तोंड घालून हलकेच दाबायची. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळीच्या खालची बाजू, भिंत आणि फरशी मिळते ती रेघ, चौकटीच्या भेगा, तसबिरींच्या मागचा पुठ्ठा. विजेच्या बोर्डामागं लपतात हे खरं, पण तिथं मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावं. फटीबाहेर सांडलेली ओल्या फडक्यानं लगेच पुसायची.

कुठं लावायची नाही तेही ऐका. गादीच्या वर नाही, उशीला नाही, पांघरुणाला नाही, बाळाच्या पाळण्याला आणि झोळीला तर अजिबात नाही. खेळण्यांजवळ नाही, स्वयंपाकघरात नाही, पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत नाही. रांगणारं मूल असेल तर जमिनीलगतच्या फटीत पावडर भरून वरून कागदी चिकटपट्टी लावली तरी चालते, ढेकूण आतच अडकतात. वर फवारा मारायचा नाही. ओली झालेली पावडर म्हणजे नुसता चिखल.

त्या रात्री झोपायचं कुठं? सगळे म्हणतात दुसऱ्या खोलीत. ती चूक ठरते. माणूस हलला की भुकेला ढेकूण माग काढत तिकडं येतो आणि दुसरी खोलीही बाटते. पावडर बसल्यावर ज्यांना छातीचा त्रास नाही त्यांनी त्याच पलंगावर झोपायचं. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादरीची टोकं जमिनीला न टेकणारी. आपल्यापर्यंत येताना ढेकणाला पावडरीवरून यावंच लागलं पाहिजे. ऐकायला विचित्र वाटतं, आमिष म्हणून आपणच झोपायचं! पण सगळी युक्ती त्यातच आहे.

पलंगाच्या पायांखाली ठेवायच्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत वाट्या हल्ली मिळतात. परदेशात त्या चांगल्या चालतात, कारण तिथला ढेकूण गुळगुळीत भिंत चढू शकत नाही. आपल्याकडचा उष्ण प्रदेशातला ढेकूण वेगळ्या जातीचा, त्याच्या पायांना पकड जास्त. मलेशियातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हे दाखवलं. तेव्हा आपल्या आजीच्या पाणी भरलेल्या वाट्याच बऱ्या. पाण्यात साबणाचा चुरा टाका आणि दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर ढेकूण जाऊन डेंग्यूचे डास यायचे.

मग धीर. पावडर अंड्यांना काही करत नाही. अंडं आठ-दहा दिवसांत फुटतं, पिल्लू भुकेनं बाहेर पडतं आणि पावडरीवरून चालतं तेव्हा मरतं. म्हणून पहिल्या आठवड्यात चावे कमी झाले, दुसऱ्यात परत थोडे वाढले, तर घाबरायचं नाही. पंधरवड्यानं पुन्हा विजेरी घेऊन खुणा तपासायच्या, हललेली किंवा ओली झालेली पावडर तेवढी पुन्हा लावायची. निदान सहा ते आठ आठवडे फटींना हात लावायचा नाही. तिच्या घरी नवव्या-दहाव्या दिवशी तिला साबणपाण्यात तीन पिल्लं सापडली आणि नवरा पुन्हा गोळ्यांवर आला. सासूबाईंनीच त्याला झापलं म्हणे. दम्याचं माणूस श्वासाची किंमत जाणतं.

आपल्याकडं एक फरक लक्षात घ्यायला हवा. जामसांवलीचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, तिथं ही पावडर जोमानं काम करते. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मृगापासून भिंतीच ओल्या. अशा हवेत डायटोमेशियस अर्थ फार मंदावते, गुठळ्या होतात. सिलिकेची पावडर त्या मानानं बरी टिकते. जमलं तर हे काम दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात करा. पावसात करावंच लागलं तर दुप्पट दिवस धरा. वाड्यात, चाळीत राहत असाल तर भिंतीपलीकडच्या घराला सांगावंच लागेल, नाहीतर तुमच्याकडून तिकडं आणि तिकडून तुमच्याकडं असा वर्षभर रोटी-बेटी व्यवहार चालतो. सांगताना लाज वाटत असेल तर 'आमच्याकडं झाले होते, आता कमी आहेत, तुम्हीही एकदा बघा' इतकंच म्हणा. बहुतेक वेळा समोरून सुटकेचा श्वास ऐकू येतो, त्यांच्याकडंही झालेले असतात.

पाहुणे येणार, ते थांबवता येत नाहीत आणि थांबवूही नयेत. त्यांच्या बॅगा पलंगावर न ठेवता पत्र्याच्या पेटीवर किंवा लोखंडी स्टुलावर ठेवा, झोपायला आपल्या घरच्या धुतलेल्या चादरी द्या, गेल्यावर त्या सरळ गरम पाण्यात. आपण यात्रेहून आलो की तेच आपल्याला लागू. वळकटी अंगणातच सोडायची.

आणि ती उरलेली पावडर. दिसायला अगदी मैद्यासारखी, हाताला पिठीसाखरेसारखी. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू नका. कोरड्या डब्यात, घट्ट झाकणाच्या, माळ्यावर ठेवा. डब्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहा, 'ढेकणांची पावडर, खायची नाही', आणि त्याखाली कानडीतही लिहा. आपल्या घरात तो डबा सून उघडेल की आजी, आणि त्यातलं कोण कुठली लिपी वाचेल, हे आधी सांगता येत नाही.